एकाच चाकाचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

माझ्या रिमोट कंट्रोल गाडीचं पुढचं डावं चाक. त्यातही नकलमधलं, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या भागातलं, बाहेरचं, चाकाकडचं बेअरिंग. पहिल्यांदा गेलं तेव्हा वाटलं, माल हलका असणार. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा रबरी सीलचं चांगलं आणलं. तिसऱ्यांदा मात्र मी हट्टाने सिरॅमिक छर्ऱ्यांचं बेअरिंग मागवलं, त्या पैशांत साधी बेअरिंग डझनभर आली असती. ते पाच बॅटऱ्यांत, म्हणजे गाडीची चार्ज केलेली बॅटरी पाचदा संपेपर्यंत चालवण्यात, गेलं. चाक हाताने फिरवलं की आत वाळू दळल्यासारखी खरखर यायची आणि चाक वर-खाली हलवलं तर मिलिमीटरभर डुगडुगायचं.

गाडी १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, चारही चाकांना ताकद जाणारी शॉर्ट कोर्स ट्रक, कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीच्या ट्रकची प्रतिकृती. चालते रत्नागिरीच्या सड्यावर. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर पातळ लाल माती, आणि पाऊस संपून दोन महिने झाले की ती टाल्कम पावडरसारखी बारीक होते. त्यामुळे माझा सगळा संशय धुळीवर होता. सील बदल, ग्रीस बदल, कंपनी बदल, हेच चाललं होतं.

खरं तर उत्तर समोर होतं. चारही चाकांची बेअरिंग मी एकाच दिवशी, एकाच पाकिटातून घातली होती. चारही चाकं एकाच धुळीतून फिरत होती. तीन चाकांना काही झालं नाही आणि चौथं दर महिन्याला जात होतं. धूळ एकाच चाकाला शोधून खात नाही. तुमच्याकडेही एकाच जागेचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर नवं मागवण्याआधी इथेच थांबा, कारण दोष बहुतेक वेळा त्या जागेत असतो.

मला हे मिरजोळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी दाखवलं. मेलेली तिन्ही बेअरिंग मी डबीत ठेवली होती, ती घेऊन गेलो. काकांनी एक चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाले, "बेअरिंग बदलून काय होणार हो? ते बसतंय कुठे ते बघितलंत का?" मग डोळ्यांवर गॉगल चढवून त्यांनी बाहेरची रेस, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं पोलादी कडं, ग्राइंडरवर कापली आणि तुकडा माझ्या हातात दिला. रेसच्या आत खोबण असते, तिच्यात छर्रे धावतात. जिथे ते धावले तिथे चकचकीत पट्टा उमटतो. नीट चाललेल्या बेअरिंगमध्ये हा पट्टा खोबणीच्या मध्यावर असतो. माझ्यातला पट्टा एका कडेला चढलेला होता. तिन्हींमध्ये तसाच, आणि तिन्हींमध्ये एकाच बाजूला.

"याला आडवा दाब बसतोय," काका म्हणाले. "चाकाचा नट आवळल्यावर चाक फिरवून बघा, आणि नट ढिला करून फिरवून बघा."

घरी येऊन नकल गाडीवरून उतरवला. एक्सल, हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा), चाक लावलं. नट हाताने लावला तेव्हा चाक लोण्यासारखं फिरलं. पान्याने अर्धा फेरा आवळला आणि ते जडावलं. अजून पाव फेऱ्यात ते मध्येच थांबायला लागलं.

यामागची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक गाड्यांत ती अशीच असते. नकलमध्ये दोन बेअरिंग असतात, डिफकडचं (डिफ म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर, गाडीच्या मध्याकडे) मोठं आणि चाकाकडचं छोटं. दोघांच्या बाहेरच्या रेस प्लास्टिकमधल्या पायरीला टेकलेल्या असतात, एकीची पायरी आतून, दुसरीची बाहेरून. दोघांमधून एक्सल जातो. एक्सलच्या आतल्या टोकाचा फुगवटा मोठ्या बेअरिंगच्या आतल्या रेसला टेकतो. बाहेरच्या टोकाला एक्सलमध्ये आडवी पिन, पिनवर हेक्स, हेक्सवर चाक आणि शेवटी नट. नट आवळला की चाक हेक्सवर दाबलं जातं आणि हेक्स पिनवर. हा दाब पिनपाशी थांबला पाहिजे. तिथे थांबला तर नट कितीही आवळा, बेअरिंगला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझा हेक्स प्लास्टिकचा होता. त्यातली पिनेची खाच ब्रशलेस मोटरच्या झटक्यांनी झिजून खोल झाली होती आणि पिनही किंचित वाकली होती. त्यामुळे नट आवळला की हेक्स पिनवर अडायचा नाही, तो पुढे सरकून थेट छोट्या बेअरिंगच्या आतल्या रेसला रेटायचा. बाहेरची रेस पायरीला टेकून जागच्या जागी, आतली रेस आत ढकललेली, मग छर्रे मधली वाट सोडून कडेवर चढणारच. त्याच वेळी एक्सल बाहेर ओढला जात होता, म्हणजे मोठ्या बेअरिंगवरही उलटा दाब होता. पण मोठ्यातले छर्रे जास्त आणि चाकाचं वजन त्यापासून लांब, म्हणून ते तग धरून राहिलं. छोटं मात्र दर वेळी मेलं.

आणि हे फक्त डाव्या चाकाला का? त्या चाकावर गाडी एकदा दगडी कुंपणाला धडकली होती. पिन तेव्हाच वाकली असावी. मी त्या दिवशी सस्पेन्शनचा आर्म बदलला, पिनेकडे पाहिलंच नाही.

तुमच्या गाडीत हेच आहे का ते तपासायला अर्धा तास पुरतो. चाक गाडीवरच असताना फिरवून बघू नका. डिफ, शाफ्ट आणि मोटरचा जडपणा त्यात मिसळतो आणि काहीच कळत नाही. नकल एक्सलसकट सोडवा. नट हळूहळू आवळत जा आणि दर पाव फेऱ्याला चाक फिरवा. शेवटपर्यंत सारखंच फिरलं तर हा दोष नाही. जडावलं तर हेक्स काढून खाच बघा, पिन काचेवर घरंगळवून बघा, वाकलेली पिन घरंगळताना लचकते. बेअरिंगच्या सीलवर गोल चकचकीत कडं घासलेलं दिसलं तर हेक्स सीललाही लागत होता याची ती खूण. मी अॅल्युमिनियमचे हेक्स आणि नव्या पिना घातल्या, चारही चाकांना. उजव्या हेक्सची खाचही झिजायला लागलेली होतीच.

नवे भाग बसल्यावर एक्सलला आत-बाहेर अगदी थोडी हालचाल राहू द्या. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, तेवढी बोटाला जाणवली तर ती बरोबर आहे. ही हालचाल दिसली की बरेच जण घाईने शिम (पातळ चकती) भरतात आणि पुन्हा तोच आडवा दाब तयार करतात. अर्धा मिलिमीटर हलत असेल तरच ५×७×०.२ मापाची शिम घाला. ती आतल्या रेसलाच टेकायला हवी. मोठा वॉशर घातलात तर तो सीलला घासेल.

दोष या जागेत नसेल तर खुणा वेगळ्या दिसतात.

बाहेरची रेस नकलमध्ये सैल बसत असेल तर ती प्लास्टिकमध्येच फिरू लागते. प्लास्टिक तापतं, गुळगुळीत होतं, भोक अंडाकृती होतं. बेअरिंग काढून बोटाने घरात, म्हणजे नकलमधल्या त्याच्या भोकात, ठेवल्यावर ते आपोआप पडत असेल तर नकल बदला. फेव्हिक्विक लावून काम होतं असं सांगणारे भेटतील. मी करून पाहिलं, ते पातळ असल्याने सीलखालून आत गेलं आणि बेअरिंग कायमचं जाम झालं. याच्या उलट, घर फार घट्ट असेल तर बाहेरची रेस आवळली जाते आणि नवं बेअरिंगही बसवल्याबरोबर जड फिरतं.

बेअरिंग फिरताना ठरावीक ठिकाणी टकटक अडकत असेल तर रेसवर खळगे पडले आहेत. मोठ्या उडीनंतर हे होतं, पण त्याहून जास्त वेळा ते आपण बसवतानाच होतं. आतल्या रेसवर ठोकून बेअरिंग घरात घातलं की सगळा मार छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रेसवर जातो. दाब नेहमी बाहेरच्या रेसवर द्यायचा. त्यासाठी जुनं, त्याच मापाचं बेअरिंग वर ठेवून व्हाइसमध्ये हलकेच दाबा, याहून चांगलं हत्यार नाही. काढताना बहुतेक वेळा आतल्या रेसला धरूनच ओढावं लागतं. घट्ट घरातून असं ओढलेलं बेअरिंग बोटावर फिरवून बघा, जरा जरी टकटक जाणवली तरी पुन्हा घालू नका.

आणि चारही चाकांची बेअरिंग साधारण एकाच सुमारास जात असतील, तर मात्र धूळ आणि पाणीच. तिथे निवड आणि निगा कामाला येते.

निवडीत पहिली गोष्ट माप. ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने सांगतात. १/१० गाड्यांत ५×११×४, १०×१५×४, ६×१२×४ आणि १२×१८×४ ही मापं सारखी भेटतात. १/८ बग्गीत ८×१६×५. तामियाच्या टीटी-०२ या चॅसिसला सोळा लागतात, बारा ५×११×४ आणि चार १०×१५×४. तिच्या बऱ्याच किटमध्ये बेअरिंगच्या जागी बुश, म्हणजे छर्रे नसलेल्या साध्या कड्या, येतात. तशी गाडी नवी घेतली असेल तर पहिला खर्च बेअरिंगवरच करा, मोटर नंतर. या मापांना औद्योगिक नंबरही आहेत. ५×११×४ म्हणजे एमआर११५, ६×१२×४ म्हणजे एमआर१२६, १०×१५×४ म्हणजे ६७००, १२×१८×४ म्हणजे ६७०१, ८×१६×५ म्हणजे ६८८. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात गेलात तर "रिमोट गाडीचं बेअरिंग" म्हणू नका, नंबर सांगा. जाडी मात्र व्हर्नियरने मोजून घ्या. यांतली काही बेअरिंग सील नसलेल्या प्रकारात मिलिमीटरभर पातळ येतात. एमआर११५ उघडं घेतलंत तर ते ३ मिमी जाड असतं, आणि तो राहिलेला एक मिलिमीटर नंतर डुगडुगीत दिसतो. जुन्या अमेरिकन गाडीला मेट्रिक माप बसेलच असं धरू नका. तिथे इंचाची मापं असतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, ५ मिमीच्या इतकं जवळ की डोळ्याला फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट सील, आणि चाकांसाठी मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची ढाल. ती आतल्या रेसला टेकत नाही, मध्ये केसाएवढी फट असते. आमची लाल धूळ त्या फटीतून आरामात जाते. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ज्याची ओठासारखी कड आतल्या रेसवर टेकलेली असते. ती थोडी घासते, म्हणून हातात धरून टिचकी मारली तर २आरएस दोन-तीन फेऱ्यांत थांबतं. याच कारणाने काहीजण ते नापसंत करतात. टिचकीवर भुर्रकन फिरणारं बेअरिंग चांगलं, हा समज मनातून काढून टाका. कोरडं, ग्रीस धुऊन गेलेलं बेअरिंगच सगळ्यात जास्त वेळ फिरतं. माती, धूळ, ओल यात चालणाऱ्या गाडीच्या चाकांना डोळे झाकून २आरएस घाला.

आता एबेक. जाहिरातीत एबेक ५, ७, ९ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. एबेक ही फक्त मापांच्या आणि फिरण्यातल्या अचूकपणाची श्रेणी आहे. एबेक १ म्हणजे आयएसओची पी० श्रेणी, ३ म्हणजे पी६, ५ म्हणजे पी५, ७ म्हणजे पी४. त्यात सील किती चांगलं, पोलाद कसलं, ग्रीस कुठलं, धूळ किती सोसेल, यातलं काहीच येत नाही. आणि आमच्या चाकांना त्या अचूकपणाची गरजही नाही, हे एका साध्या गणितात दिसतं. ट्रकचं टायर साधारण ११० मिमी व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जवळजवळ ३४.५ सेंटिमीटर पुढे जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेतं. बेअरिंगच्या दृष्टीने हे काहीच नाही. याउलट मोटर बघा: ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणारी मोटर ३ सेलच्या, ११.१ व्होल्टच्या लायपो बॅटरीवर बिनभाराने मिनिटाला जवळपास ३८,८०० फेरे फिरते. अचूकपणाला, हलक्या छर्ऱ्यांना किंमत द्यायची तर ती इथे द्या.

सिरॅमिकबद्दलही तेच. त्यातले छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, पोलादाच्या निम्म्याहून कमी वजनाचे आणि कितीतरी कठीण, गंजही नाही. पण रेस पोलादाच्याच. धूळ आत गेली की ती रेस खरवडते, छर्रे कठीण असले काय नि नसले काय. चाकात सिरॅमिक घालणं मी आता पूर्ण बंद केलं आहे.

पोलादात दोन प्रकार भेटतात. नेहमीचं क्रोम पोलाद आणि ४४०सी स्टेनलेस. कोकणात, किंवा पावसाळ्यात कुठेही, स्टेनलेससाठी थोडे जास्त पैसे देणं योग्य आहे. क्रोम पोलादाचं बेअरिंग ओलं राहिलं तर आमच्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तपकिरी डाग असतात. स्टेनलेसही अमर नाही, समुद्राच्या पाण्यापुढे तेही हरतं.

निगा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिखलातून आल्यावर गाडी नळाच्या पाइपने किंवा स्कूटर धुण्याच्या प्रेशर पंपाने धुणं. सीलचा ओठ वरून पडणारी धूळ अडवायला केलेला आहे, जोरात मारलेली धार त्याखालून शिरते आणि जाताना ग्रीसमध्ये माती कालवून ठेवते. लाल माती सुकू द्या, मग रंगाच्या जुन्या ब्रशने झाडा. देशावरची काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते, तिचाही चिखल वाळला की ढलप्या निघतात. धुवायचंच असेल तर मग्याने हलकं पाणी, आणि लगेच चाकं काढून, फुंकून, उन्हात.

डब्ल्यूडी-४० चाकाच्या बेअरिंगवर मारून काम झालं असं समजू नका. त्याने खरखर जाते, कारण आतलं घट्ट झालेलं ग्रीस विरघळतं. पण ते ग्रीस सोबत घेऊन जातं आणि मागे उरते ती पातळ फिल्म धुळीला जास्तच धरते. पाणी उडवायला वापरलं तर ठीक, मात्र नंतर ग्रीस भरलंच पाहिजे.

ग्रीस भरायचं असं. सुईचं टोक सीलच्या आतल्या कडेखाली, आतल्या रेसच्या बाजूने घाला आणि अलगद उचला. बाहेरच्या कडेने उचकटलं तर सील वाकतं आणि पुन्हा बसत नाही. एकाच बाजूचं सील काढणं पुरतं. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकणाच्या बाटलीत हलवून धुवा. खिडकी उघडी, गॅस बंद. थिनर आणि ब्रेक क्लीनर टाळा, त्याने रबर फुगतं. धुऊन झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग शिट्टी वाजेपर्यंत फिरवू नका. त्या क्षणी ते पूर्ण कोरडं असतं आणि छर्रे रेसवर घासटतात. कागदावर ठेवून वाळू द्या. मग बोटाने फिरवून बघा. धुतल्यावरही खरखर असेल तर ती माती नाही, रेस गेली आहे, फेकून द्या. गुळगुळीत असेल तर ग्रीस भरा. पुस्तकी नियम मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत भरण्याचा आहे, आणि वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला तो बरोबरच आहे. पण चाकं हळू फिरतात आणि धूळ जास्त, म्हणून मी पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस जवळजवळ पूर्ण भरतो. जास्तीचं ग्रीस पहिल्या बॅटरीत बाहेर येतं, ते पुसून टाकायचं.

मोटरच्या बेअरिंगला उलटं: ग्रीस नाही, पातळ तेलाचा एकच थेंब. मोटर बंद करताना शिट्टीसारखा चढा आवाज यायला लागला, किंवा नेहमीपेक्षा लवकर तापायला लागली, तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर गिअर (त्याला लागलेला मोठा) यांच्यामधली जागा आधी तपासा. दात फार जवळ आवळलेले असले की मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर सतत आडवा रेटा राहतो आणि तिथेही तुम्ही बेअरिंगमागून बेअरिंग बदलत बसाल.

समुद्राच्या वाळूत गाडी चालवायचीच नाही. रत्नागिरीचा काळा समुद्र गाडीसाठी मोहाचा आहे, मऊ आणि सपाट. पण त्या काळ्या वाळूतले लोहयुक्त कण मोटरच्या चुंबकाला मिशीसारखे चिकटतात आणि मीठ बेअरिंगमध्ये बसतं. एकदा गेलो होतो. गाडीतलं एकूण एक बेअरिंग काढून धुवायला पूर्ण रविवार लागला आणि तरी त्यातली सहा फेकावी लागली.

पुढच्या डाव्या चाकात सध्या साधं ५×११×४, २आरएस, स्टेनलेस बेअरिंग आहे. दिवाळीनंतर घातलं. हेक्स आणि पिन बदलल्यापासून त्यावर चाळीसेक बॅटऱ्या झाल्या. परवा सील उचलून पाहिलं, ग्रीस अजून पिवळंच आहे. काकांनी कापलेला रेसचा तुकडा हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. कोणी म्हणालं की माझ्या गाडीचं एकच बेअरिंग सारखं जातं, तर आधी तो त्याच्या हातात देतो.